तीन किल्ल्यांची गाडी: जुन्या गाडीच्या चोरीला गेलेल्या स्मार्ट किल्लीचे एक प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात हिंडलगा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात रात्रीच्या पंगती चालू असताना, निपाणीजवळच्या खेड्यातून लग्नाला आलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या पत्नीची पर्स खुर्चीवरून नाहीशी झाली. पर्समध्ये बाराशे रुपये, चष्मा, आरसी बुकाची झेरॉक्स आणि चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या जुन्या गाडीची एकुलती एक स्मार्ट किल्ली होती. मी बेळगावात बावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे आणि इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम करतो. गुरुजींचा भाचा माझ्या ओळखीचा असल्यामुळे रात्री दहाच्या सुमारास पहिला फोन मला आला आणि पुढचे अडीच महिने या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला. गुरुजींच्या संमतीने हे टिपण लिहीत आहे. माणसांची, दुकानांची आणि गाडीच्या कंपनीची नावे मुद्दाम वगळली आहेत. बटण दाबून सुरू होणाऱ्या जुन्या गाड्या आता निपाणी, चिक्कोडी, खानापूरच्या खेड्यांतूनही सर्रास दिसतात, आणि किल्ली गेली की लोक एकच प्रश्न विचारतात: नवी किल्ली केवढ्याला पडेल? या प्रकरणात नवी किल्ली करणे हे निम्मे काम होते. गेलेल्या किल्ल्या निकामी करणे हे उरलेले निम्मे काम, आणि ते कोणी करून मागितल्याशिवाय आपोआप होत नाही.

गाडी २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची लहान गाडी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरुजींनी ती कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून एजंटामार्फत घेतली. निपाणीच्या माणसाला बेळगाव पाऊणशे किलोमीटर आणि कोल्हापूर चाळीस. बाजारहाट, दवाखाना आणि सोयरीक यांची ओढही तिकडचीच, त्यामुळे सीमाभागात एमएच पासिंगची गाडी घेणे ही नवलाची गोष्ट नाही. व्यवहाराच्या दिवशी विक्रेत्याने एक किल्ली हातात दिली आणि दुसरी आठवड्याभरात पाठवतो असे सांगितले. ती आली नाही. नाव बदलण्याचे कागद एजंटाकडे होते, तेही पुढे सरकले नाहीत, आणि गुरुजी सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी दोन-तीनदा फोन करून नंतर विचारणे सोडून दिले. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ मध्ये नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याचे प्रमाणपत्र खरेदीदाराच्या हवाली केल्याचे वाक्य असते, पण किल्ल्या किती दिल्या याची ओळ त्या फॉर्मात नाही आणि फॉर्म ३० मध्येही नाही. ही ओळ आपणच साध्या विक्री करारपत्रात घालून घ्यावी लागते, आणि ती गुरुजींनी घातली नव्हती.

त्या रात्री मी खानापूरला होतो. फोनवर भाच्याचे म्हणणे असे की, उद्या सकाळी शोरूमला जाऊ, तोवर गाडी कुलूपबंद आहे म्हणजे सुरक्षित आहे. मला मात्र नेमकी उलट भीती वाटत होती. पर्स उचलणारा माणूस लांब गेला असेलच असे नाही. कार्यालयाच्या मैदानात उभे राहून त्याने किल्लीवरचे बटण दाबले की ज्या गाडीचे दिवे लुकलुकतील ती गाडी त्याची. बॅटरीची तार काढावी तर बॉनेट उघडण्याचा दांडा गाडीच्या आत. म्हणून दोन पाहुण्यांच्या गाड्या गुरुजींच्या गाडीच्या पुढे आणि मागे अगदी चिकटवून आडव्या लावायला सांगितल्या, त्यांच्या किल्ल्या त्यांच्या मालकांच्या खिशात ठेवायला सांगितल्या आणि नवरदेवाच्या दोन चुलत भावांनी तिथेच मांडवात रात्र काढली. महागड्या यंत्रणेचे कुलूप निरुपयोगी झाले की उरतो तो हाच उपाय, आणि तो वेळेवर केला याचे मला आजही समाधान वाटते.

स्मार्ट किल्ली म्हणजे नेमके काय, हे इथे नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून होते. आपण तिला एक किल्ली म्हणतो, पण त्या प्लास्टिकच्या डबीत तीन वेगवेगळ्या किल्ल्या असतात. पहिली म्हणजे रेडिओ. दाराच्या मुठीला हात लावला की गाडीतल्या अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारितेवर साद घालतात. ती साद जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंत पोहोचते, आणि किल्ली तिला ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. हे उत्तर दर वेळी वेगळे असते, कारण गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि किल्ली आपल्या पोटातल्या गुप्त संकेताने त्याचे गणित सोडवून परत करते. दुसरी म्हणजे ट्रान्सपाँडर नावाची बिनबॅटरीची चिप. किल्लीतला तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपला तरी किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून गाडी सुरू होते ती या चिपमुळे. तिसरी म्हणजे डबीच्या पोटात दडवलेले पोलादी पाते, जे गाडीची बॅटरी बसली तर चालकाचे दार उघडण्यासाठी असते. बटण-स्टार्ट गाडीत स्टिअरिंगजवळ किल्लीचे भोक नसते, त्यामुळे अनेक मालकांना हे पाते असल्याचेही ठाऊक नसते.

पहिल्या दोन किल्ल्या गाडीच्या संगणकाच्या स्मरणातून पुसता येतात. तिसरी पुसता येत नाही. तिच्यासाठी दाराचे कुलूपच बदलावे लागते. किल्ली विहिरीत पडली असेल तर कुलूप बदलण्याचे कारण नाही. पण ती आरसीच्या झेरॉक्ससह, म्हणजे गाडीच्या नंबरासह, परक्या माणसाच्या हाती गेली असेल, तर पाते हाही धोका आहे. किल्ली हरवली की चोरीला गेली, या प्रश्नाचे उत्तर इथे पोलिसांपेक्षा आधी कारागिराला हवे असते.

सकाळी सात वाजता मी पोहोचलो. गाडी उतारावर, हँडब्रेक ओढून आणि पहिल्या गिअरमध्ये उभी होती, म्हणजे नुसती ओढून नेणे शक्य नव्हते. दाराच्या फटीत हवेची पिशवी फुगवून, लांब सळईने आतला खटका ओढून दार उघडले. अलार्म वाजू लागला, बॉनेट उघडून बॅटरीची ऋण तार काढल्यावर तो थांबला आणि त्याबरोबर दूरची किल्लीही निरर्थक झाली. हँडब्रेक आणि गिअर यांत्रिक असल्यामुळे सुटले, स्टिअरिंगचे इलेक्ट्रॉनिक लॉक मात्र तसेच राहिले. म्हणून चाके जमिनीवर न ठेवता फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. दार उघडण्यापूर्वी मी गुरुजींचे आधार कार्ड आणि विक्री करारपत्र पाहिले, हे इथे नोंदवतो. ओळखीच्या माणसाचे काम असले तरी हे पाहिल्याशिवाय परक्या गाडीचे दार उघडू नये, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही सांगतो.

पोलीस ठाण्यातला भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. आदल्या रात्रीच गुरुजी ठाण्यात जाऊन आले होते. तिथल्या रायटरने, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाने, त्यांना आपुलकीने बसवून घेतले, त्यांचे मराठी ऐकून अर्ज कन्नडात लिहिला आणि पोच दिली. गुरुजींचे सगळे शिक्षण आणि सगळी नोकरी मराठी माध्यमात झालेली. कन्नड कानाला समजते, पण हाताने लिहिलेला अर्ज वाचता येत नाही. त्यांनी सांगितले होते, “पर्स गेली.” मराठीत गेली म्हणजे हरवली असेही होते आणि चोरीला गेली असेही होते. रायटरने त्यातला सौम्य अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या शेजारची कॉलेजात कन्नड शिकणारी मुलगी तो कागद वाचू लागली, तेव्हा त्यात “कळेदुहोगिदे” असे शब्द निघाले, म्हणजे हरवली आहे. चोरीला कन्नडात “कळवु” म्हणतात. मराठी कानाला कळेदु आणि कळवु यांतला फरक जाणवतही नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे रस्ते आहेत: हरवल्याच्या अर्जावर नुसती पोच मिळते, तपास सुरू होत नाही आणि एफआयआर नोंदली जात नाही.

दोष मी कोणालाही देत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाने एवढेच करावे की, कन्नडात लिहिलेल्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि घटनेचे क्रियापद कोणते लिहिले आहे ते विचारावे. कन्नडातला कीलिकै आणि मराठीतला किल्ली हे शब्द इतके जवळचे आहेत की त्या शब्दापाशी कोणाचा घोटाळा होत नाही; घोटाळा होतो तो त्या किल्लीचे काय झाले हे सांगताना.

दुसरा अर्ज मी आणि त्या मुलीने मिळून तयार केला. पर्स खुर्चीच्या कोणत्या बाजूला होती, शेवटची केव्हा पाहिली, शेजारी कोण बसले होते, आत काय काय होते, हे सगळे त्यात आले. किमतीचा प्रश्न आला तेव्हा गुरुजी म्हणाले, “किल्लीचे पाचशे रुपये लिहा.” मी त्यांना थांबवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीची शिक्षा कलम ३०३ च्या उपकलम २ मध्ये आहे. तिथे पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि परत केलेली वस्तू किंवा तिची किंमत, अशा प्रकरणासाठी समाजसेवेची वेगळी शिक्षा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत तो प्रकार अदखलपात्र धरला आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. किल्लीची खरी किंमत सर्व्हिस सेंटरच्या लेखी कोटेशनप्रमाणे ९,८०० रुपये होती. ती आम्ही कोटेशन जोडून लिहिली. यात अतिशयोक्ती काडीचीही नव्हती. पाचशे लिहिले असते तर मात्र तो खोटा आकडा ठरला असता आणि गुरुजींच्याच अंगावर आला असता. ठाणे अंमलदाराने कोटेशन पाहिले, गुरुजींच्या पत्नीचा जबाब घेतला आणि एफआयआर नोंदवून तिची प्रत विनामूल्य दिली, जी तक्रारदाराला तशीच देणे कायद्याने बंधनकारक आहे.

एवढे करून आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो आणि खरी गाठ तिथे बसली. गाडीच्या संगणकात नवी किल्ली नोंदवायला लागणारा सुरक्षा पिन कंपनीकडून मागवण्यासाठी सतरा अक्षरांचा चासी नंबर, एफआयआर आणि नोंदणीकृत मालकाचे ओळखपत्र लागते. आरसीवर नाव होते ते पहिल्या मालकाचे. तिथल्या सल्लागाराने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. भाचा चिडला. मला त्या सल्लागाराचे म्हणणे योग्यच वाटले, कारण कागद न पाहता किल्ली करून देणारा आज आपली सोय करतो, तर उद्या आपली गाडी उचलणाऱ्याचीही तितकीच सोय करू शकतो.

पहिले मालक कोल्हापूर जिल्ह्यातले एक दुकानदार होते. जुन्या पॉलिसीवरून त्यांचा फोन मिळाला. सुरुवातीला ते टाळाटाळ करीत होते. गाडी विकून मोकळा झालो, आता माझा काय संबंध, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगावा लागला. त्यात न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. चोराच्या हाती जिवंत किल्ली आहे आणि गाडी अजून आपल्या नावावर आहे, हे एकत्र लक्षात आल्यावर ते दुसऱ्याच दिवशी अधिकारपत्र आणि आधार कार्डाची प्रत घेऊन स्वतः बेळगावला आले. मोठ्या मनाचा माणूस निघाला. पुढे एनओसीच्या कामातही त्यांनी कुठे आडकाठी केली नाही.

तंत्रज्ञाने हॅझर्डचे दिवे लावून गाडीचा संगणक जागा केला, स्कॅनर जोडला आणि नोंदवलेल्या किल्ल्यांची संख्या वाचली. पडद्यावर आकडा आला तीन.

नवी गाडी दोन किल्ल्यांसह येते. गुरुजींना मिळाली होती एक. पहिल्या मालकांनी थोडा वेळ आठवून सांगितले की, २०२० साली उसाच्या लावणीच्या वेळी एक किल्ली शेतात पडली, ती सापडली नाही, म्हणून त्यांनी एका कारागिराकडून जादा किल्ली जोडून घेतली. हरवलेली पुसून टाका असे सांगायचे त्यांना सुचले नाही आणि कारागिरानेही विचारले नाही. विक्रीच्या वेळी त्यांनी विक्रेत्याला दोन किल्ल्या दिल्या होत्या आणि त्याची पावती त्यांच्याकडे होती. म्हणजे एक किल्ली उसाच्या रानात, एक विक्रेत्याच्या ड्रॉवरमध्ये आणि एक पर्स नेणाऱ्याच्या हातात, अशा तीन किल्ल्या त्या घडीला गाडी सुरू करू शकत होत्या, आणि ज्याने गाडीचे पैसे मोजले होते त्याच्याकडे त्यातली एकही नव्हती. गुरुजी खुर्चीवर बसले ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जुनी गाडी घेताना स्कॅनर जोडून हा आकडा वाचून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे. इंजिनाचा आवाज ऐकायला, चेसिसवर गंज बघायला आपण मिस्त्री घेऊन जातो. बटण-स्टार्ट गाडी असेल तर हाही आकडा बघायला लावावा आणि हातात मिळालेल्या किल्ल्यांशी तो जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर सौदा मोडायचे कारण नाही. दोन किल्ल्या समोर ठेवून बाकीच्या पुसून घेतल्या की झाले, आणि तो खर्च नव्या किल्लीच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

मधल्या दोन दिवसांत भाच्याने दुसरा मार्ग शोधून आणला होता. एक फिरता कारागीर साडेपाच हजारांत, त्याच दिवशी, एकही कागद न मागता किल्ली करून द्यायला तयार होता. मी त्याच्याशी फोनवर बोललो. माणूस हुशार होता आणि पद्धत त्याने मला मोकळेपणाने सांगितली: संगणकाची पेटी खोलून मेमरी चिप वाचायची, तिच्यातल्या रिकाम्या जागी नव्या किल्लीची ओळख लिहायची आणि पेटी परत बसवायची. या पद्धतीने गाडी सुरू झाली असती, यात शंका नाही. पण आधीच्या तीन ओळखी चिपवर तशाच राहिल्या असत्या आणि गाडी चार किल्ल्यांची झाली असती. जाणकार कारागीर त्या ओळखी पुसूही शकतो, हे खरे, परंतु त्याने त्या पुसल्या याचा पुरावा आपल्या हाती काय राहतो? वाचणाऱ्या पैशांपेक्षा मला तो पुरावा मोलाचा वाटला, आणि गुरुजींनाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या वापरलेल्या किल्ल्यांबद्दलही भाच्याने विचारले. अनेक कंपन्यांच्या किल्ल्या एकदा एका गाडीशी जोडल्या की त्यांच्यातली चिप बंदिस्त होते आणि दुसरी गाडी त्यांना स्वीकारत नाही, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

नव्या किल्ल्या कंपनीकडून यायला नऊ दिवस लागले. दोन मागवल्या, एक नव्हे. एकच किल्ली असलेली गाडी पुन्हा त्याच संकटाच्या तोंडाशी उभी असते, शिवाय एक चालती किल्ली हाताशी असताना दुसरी जोडणे सोपे जाते. सगळ्याच गेल्या तर फ्लॅटबेडपासून पिनपर्यंतचा सारा खटाटोप नव्याने करावा लागतो. चालकाच्या दाराचे कुलूप पात्यांसह बदलले, ती नवी पाती नव्या किल्ल्यांत बसवली. मग प्रोग्रामिंग झाले: जुन्या सर्व ओळखी पुसल्या, दोन्ही नव्या किल्ल्या एकामागून एक स्टार्टच्या बटणाला टेकवून नोंदवल्या आणि स्कॅनरवर पुन्हा आकडा वाचला. दोन. तो आकडा आणि “पूर्वीच्या सर्व किल्ल्या रद्द केल्या” हे वाक्य जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर आणि शिक्क्यासह लिहून घ्यायला मी लावले. सर्व्हिस सेंटर हे स्वतःहून लिहीत नाही, मागितले की मात्र देते.

बिल असे झाले: दोन किल्ल्या १९,६०० रुपये, दाराचे कुलूप आणि पाती ३,४५०, प्रोग्रामिंग १,८००, फ्लॅटबेड २,०००, एकूण २६,८५० रुपये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला हा आकडा लहान नाही.

विम्यातून यातले काही मिळाले नाही, आणि ते का मिळाले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. पॉलिसीत किल्ली बदलण्याचे जादा संरक्षण घेतलेले होते. पण पॉलिसी पहिल्या मालकांच्या नावावर होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते आणि नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून नाव बदलून घ्यायचे असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्याला जोडलेली जादा कलमे तो अर्ज केल्याशिवाय नव्या मालकाला लागू होत नाहीत. पहिल्या मालकांनी दावा करावा तर गाडीत त्यांचा हितसंबंध उरलेला नव्हता, गुरुजींनी करावा तर त्यांच्याशी करार नव्हता. चौदा दिवसांऐवजी चार महिने गेले होते. विमा कंपनीचे पत्र आले तेव्हा त्यात वादाला जागा नव्हती.

नाव बदलण्याचे काम मग एजंटाकडून काढून घेऊन गुरुजींनी स्वतः केले. कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयातून फॉर्म २८ वरची एनओसी, मग चिक्कोडीच्या कार्यालयात फॉर्म २९, ३० आणि नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, वर गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर. केए २३ पासिंग होऊन आले ते एप्रिलच्या शेवटी. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी अधिकृत नोंदणी घ्यावी आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना ऑनलाइन द्यावी अशी तरतूद आहे. या विक्रेत्याने ती पाळली असती तर गाडी चार महिने भलत्याच माणसाच्या नावावर राहिली नसती. नव्या नावाने नवी पॉलिसी घेतली तेव्हा किल्लीचे जादा संरक्षण पुन्हा घेतले, आणि एफआयआरची प्रत व जॉब कार्ड त्याच फाइलला लावले. गाडी चोरीला गेल्याचा दावा कधी करावा लागला तर विमा कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ किल्ल्या मागते. तेव्हा हे दोन कागद नसतील तर जुन्या किल्ल्यांचा हिशेब तोंडी सांगून कोणी मानत नाही.

घरी किल्ली ठेवण्याबाबत एक गोष्ट मी गुरुजींना सांगितली. त्यांचे घर रस्त्याला लागून, गाडी दारात आणि किल्ली दारामागच्या खुंटीला. किल्ली आणि गाडी यांच्यातली साद दोन यंत्रांनी लांबवून, किल्ली घरात असतानाच गाडी उघडण्याची पद्धत चोरांनी जगभर वापरली आहे. किल्ली आतल्या खोलीत झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली की ती साद तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पत्र्याचा कोणताही डबा चालतो असे नाही. डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते का ते एकदा तपासावे लागते. गुरुजींकडचा फरसाणाचा डबा चालला. दुसरी किल्ली पुण्याला मुलाकडे न ठेवता निपाणीतच बहिणीकडे ठेवली, कारण गरज पडेल तेव्हा ती अर्ध्या तासात हाताशी हवी.

पर्स सापडली नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र गुरुजींच्या पत्त्यावर कोल्हापूरहून कुरिअरने एक लहान पाकीट आले. पहिल्या मालकांनी विक्रेत्याला पावती दाखवून बरेच सुनावले असावे, कारण पाकिटात ती दुसरी किल्ली होती, ऑक्टोबरमध्ये आठवड्याभरात येणार होती ती. गुरुजी पाकीट न फोडता गाडी घेऊन थेट बेळगावला माझ्याकडे आले. आम्ही नव्या किल्ल्या दुकानात लांब ठेवल्या. पाकिटातल्या किल्लीत मी नवा सेल घातला, गाडीजवळ उभे राहून बटण दाबले. किल्लीवरचा लाल दिवा लागला. गाडी गप्प राहिली. मुठीला हात लावला, दार उघडले नाही. नव्या किल्लीने दार उघडून आत बसलो, ती किल्ली बाहेर गुरुजींच्या हातात दिली आणि जुनी स्टार्टच्या बटणाला टेकवली. पडद्यावर किल्ली आढळली नाही अशी सूचना आली. शेवटी तिच्या पोटातले पाते काढून दाराच्या कुलपात घातले. ते अर्ध्यावर शिरून अडकले. गुरुजींनी ते स्वतःच्या हाताने दोनदा फिरवून पाहिले, मग किल्ली परत पाकिटात घातली, पाकिटावर तारीख लिहिली आणि जॉब कार्डाच्या प्रतीबरोबर फाइलमध्ये लावून टाकली.